चार बार आणि दोन बोटं

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्याचा नमस्कार पोचावा. वहिनींनाही तसाच, आणि घरातल्या लहानथोरांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे वाटून द्यावा.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहायला बसलो आहे. याचं कारण आळस नव्हे. तुम्हीच सोपवलेलं काम आहे. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? शाळेचा जिना चढताना अजून "आई गं" म्हणता, की आता नुसत्या "आई"वर भागतं? वहिनींचा खोकला कमी नसेल तर डॉक्टर बदला, असं तुमची भावजय म्हणते. (स्वतःचा खोकला ती डॉक्टरला दाखवत नाही, हे तिने लिहू नका म्हटलं म्हणून कंसात लिहितो.) मी बरा आहे. ग्रंथालयाच्या बांधणी खात्यात तोच मी, तीच खळ, तेच दाभण. जुन्या पुस्तकाच्या जुड्या शिवताना प्रत्येक टाक्याला एकदा देवाचं नाव घ्यायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे कवितेचं पुस्तक आलं की पुण्य जेमतेम पडतं आणि जाड शब्दकोश आला की महिन्याची बेगमी होते. सकाळी दहा वाजता मात्र हात क्षणभर थांबतो. आपल्या शाळेची घंटा अजून ऐकू येते. इतक्या लांबून कशी येते ते विचारू नका, येते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हेडमास्तर असता आणि पत्रात दादा असता, असा माझा अनुभव आहे. आणि यातलं काही दादाला सांगायचं आहे.

तुमच्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि तुमचा किती ते ठरवता येईल. "मुलांसाठी नवे बार घ्यायचे आहेत. ड्रिल मास्तरांचा जुना डबलबार, म्हणजे टोळाने वाकडी करून ठेवलेली ती दोन नळकांडी, या महिनाअखेर उपटून भंगारात टाकतो. शहरात चांगले स्पोर्ट्स बार कुठे आहेत ते स्वतः जाऊन बघ, नीट तपास आणि कळव." दादा, तुम्ही "कसरतीचे बार" असं लिहिलं असतं तर काही बिघडलं असतं का? पण वरून आलेल्या पत्रकात "स्पोर्ट्स" होतं म्हणून तुम्हीही "स्पोर्ट्स" लिहिलंत, आणि तुमचा शब्द मी आजवर कधी मोडलेला नाही.

ग्रंथालयात यादी करणाऱ्या बाई बसतात. शहरात कुठे काय मिळतं ते त्यांना पाठ असतं. मी जाऊन विचारलं, की बाई, चांगले स्पोर्ट्स बार कुठे आहेत? बाईंनी चष्मा काढला.

"तुम्हाला?"

"मला नव्हे हो, शाळेसाठी."

"शाळेसाठी?"

"आमचे दादा हेडमास्तर आहेत. त्यांनीच कळवलंय, आधी स्वतः जाऊन तपासून ये म्हणून."

"आणि तिथे जाणार कोण?"

"जाणार कशाला? शाळेच्या आवारातच लावायचे आहेत. पाचवीच्या पुढची सगळी मुलं. मुलीसुद्धा."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग "फार पुढारलेलं गाव आहे हो तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि भाच्याला विचारून पाच पत्ते लिहून दिले. (तेव्हापासून ग्रंथालयात तुमच्याविषयी फार निराळा आदर आहे. खरा प्रकार मी अजून कुणाला सांगितलेला नाही. मिळालेला आदर कशाला परत करायचा?)

पहिल्या पत्त्यावर शनिवारी दुपारी चार वाजता पोचलो. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर टॉवेल, पिशवीत वही आणि बांधणीची लोखंडी फूटपट्टी. देवाचं नाव घेऊन दार ढकललं. आत थंडगार अंधार, भिंतीवर भलामोठा पडदा, त्यावर फुटबॉल चाललेला. समोर एक लांबच लांब लाकडी ओटा आणि ओट्यामागे बाटल्यांची मांडणी. बाटल्या मी पाहिल्या, नाही असं नाही. पण घाम गाळल्यावर माणसाला काहीतरी प्यायला लागतंच, अशी मी समजूत करून घेतली. ओट्यामागच्या पोरसवदा गृहस्थाला म्हटलं, बार दाखवा. तो म्हणाला, हा काय तुमच्यासमोर! मी ओट्यावर हात ठेवून पाहिलं. मूठ वळत नव्हती. म्हटलं, मुलांना कसं जमणार? तो म्हणाला, काका, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. मग त्यांनी शिकायचं कधी, असं मी कळवळून विचारलं. तोही तितक्याच कळवळ्याने म्हणाला, "लहानपणी आम्हीही हेच विचारायचो, काका."

तेवढ्यात ओट्याच्या तळाशी मला एक पितळी दांडी दिसली. आता काय सांगू, दादा, इतकी सुरेख दांडी मी जन्मात पाहिली नव्हती. खाली बसून मोजमाप घेतलं. वहीतली नोंद अशी आहे: "जाडी दीड इंच, पॉलिश उत्तम, जमिनीपासून उंची एक वीत. बालवर्गासाठी योग्य." मग दोन्ही हातांनी धरून जोर लावून पाहत होतो, तर शेजारच्या उंच स्टुलावरच्या गृहस्थांनी आपला बूट बाजूला घेतला आणि वाकून विचारलं, काका, काही पडलं का? मी म्हटलं, नाही, वजन पेलते का ते बघतोय. ते म्हणाले, "पेलते, पेलते. माझा भाऊ दोनदा झोपलाय तिच्यावर."

आणि त्याच क्षणी पडद्यावर गोल झाला. त्या गृहस्थांनी मला काखेत धरून उभं केलं आणि अशी कडकडून मिठी मारली की वही एकीकडे आणि फूटपट्टी एकीकडे. ओळख ना पाळख. मी काही केलं नव्हतं, त्यांनीही काही केलं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या मैदानावर कुणी तरी चेंडू जाळ्यात घातला होता. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीसाठी मला कुणी मिठी मारावी, असं शाळेचं मैदान सुटल्यापासून घडलं नव्हतं.

घरी येऊन वहीतल्या नोंदी मी तुमच्या भावजयीला मोठ्याने वाचून दाखवल्या. ती ऐकता ऐकता खुर्चीवरून उठून जमिनीवर बसली. हसून झाल्यावर म्हणाली, "अहो, लोक लटकतात तो बार नव्हे हा. यातून बाहेर पडल्यावर लोक लटकतात." मग तिने बार म्हणजे काय ते समजावून सांगितलं. (तिला कसं माहीत, हे मी विचारलं. तिने टॉवेल धुवायला टाकायला सांगितलं.)

आता एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण सोमवारी पुस्तकं शिवता शिवता मनात ती मिठी घोळत राहिली आणि मिठीवरून ड्रिल मास्तर आठवले. मास्तर याच शहरात आहेत, लेकीकडे, माझ्या घरापासून बसने चार थांबे. मास्तरीणबाई वारल्यापासून त्यांनी बाहेर पडणं सोडलं होतं. मी महिन्या दोन महिन्यांनी जाऊन यायचो. ते खुर्चीत, समोर टीव्हीवर सामना, आवाज बंद. आवाज का बंद, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "बोलणारे चुकीचं बोलतात." वर्षभरात त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब वाक्य. ताई, म्हणजे त्यांची लेक, दारापर्यंत सोडायला येताना दर वेळी हळूच म्हणायच्या, चार माणसांत बसायला हवंय हो यांना. तर सोमवारी, साधारण पंधराव्या टाक्याला, मला वाटलं, की ग्रंथालयातल्या बाईंच्या यादीत अजून चार पत्ते शिल्लक आहेत. तुमच्या कामाला उपयोगाचे नसले तरी मास्तरांच्या असतील.

त्यामुळे पुढची तपासणी मी निराळ्या दृष्टीने केली. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला पायऱ्या किती, खुर्चीला हात आहेत का, आणि ज्या ठिकाणी घाईने जावं लागतं ते ठिकाण किती लांब, हे तीन निकष. दुसऱ्या पत्त्यावर पायरी एकच, पण पडदे अकरा आणि अकरांवर अकरा सामने. या कोपऱ्यात जल्लोष, त्या कोपऱ्यात शोककळा, मधे मी. कुणाच्या आनंदात सामील व्हावं ते कळेना, म्हणून दोन्हीकडे थोडं थोडं हसून बाहेर आलो. तिसरा पत्ता तळघरात निघाला. दाराशी भिंतीएवढा माणूस उभा होता. त्याने माझी पिशवी तपासली आणि आतून दाभण बाहेर काढलं.

"हे काय?"

"दाभण."

"कशाला?"

"पुस्तकं शिवायला."

"इथे?"

"जिथे फाटतील तिथे," मी म्हटलं. खरं होतं तेच बोललो, पण त्याने दाभण ठेवून घेतलं आणि मला नुसतंच आत सोडलं. आत पेनल्टी चालली होती. दादा, शंभरेक माणसं, सगळ्यांची तोंडं एका उजेडाकडे, आणि कुठे म्हणून आवाज नाही. कुणी डोळे मिटलेले, कुणाचे ओठ हलताहेत, एकाने तर हात जोडून कपाळाला लावलेले. मी देवळात इतकी एकाग्रता क्वचित पाहिली आहे. मनात आलं, चेंडू आत जावा म्हणून अर्धे मागताहेत आणि जाऊ नये म्हणून अर्धे, आणि मागणं एकाच दारी चाललंय. देवाने करायचं काय? मग वाटलं, त्याने आजवर सगळ्यांच्याच बाबतीत हेच सोसलं आहे. चेंडू खांबाला लागून परत आला. म्हणजे अर्ध्यांचं मागणं देवाने पुरवलं आणि उरलेल्यांना खांबापर्यंत तरी नेलं. जागा मला आवडली. पण पायऱ्या एकोणीस. मास्तरांचं कंबरेचं हाड पाहता ती खोडली. (दाभण परत मिळालं.)

चौथा पत्ता रस्त्यालगत होता. मी कामावरून येताना काचेतून आत डोकावलो. उंबरठा नाही, एकच पडदा, हात असलेल्या जुन्या लाकडी खुर्च्या, आणि ते ठिकाण आठ पावलांवर. तिथेच निश्चय केला.

शनिवारी मास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, "सर, शाळेसाठी बार तपासायचे आहेत. तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" हे खोटं नव्हतं, आणि खरं म्हणावं तर तसंही नव्हतं, देवाकडे त्याचा वेगळा हिशेब मी दिला आहे. मास्तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि लेकीला म्हणाले, माझे पांढरे बूट काढ. आणि शिट्टी. ताई शिट्टी आणून देऊन आत गेल्या आणि नंतर बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

मास्तरांनी बारमध्ये शिरताच डावीउजवीकडे नजर टाकली. ओटा पाहिला. बाटल्या पाहिल्या. पडदा पाहिला. खुर्चीत बसले.

"हा बार?"

"हो सर."

"यावर कसरत करतात कशी?"

"बसून करतात, सर."

"आणि उतरताना?"

"उतरताना पडतात."

"म्हणजे आपल्यासारखंच," मास्तर म्हणाले आणि त्यांचे खांदे हलले. हसत होते! मी दोन लिंबू सोडा मागवले. (बारमध्ये लिंबू सोडा मागितला की लोक आजारी माणसाशी बोलावं तसे हळू बोलतात.) मास्तर रंगले. हा पाय चुकीचा टाकतोय, तो गुडघ्यातून वाकत नाही, असं पडद्यावरच्या एकेकाला शिकवू लागले. मीही सैलावलो आणि सैल जिभेने घात केला. जुना डबलबार तुम्ही उपटणार आहात, हे माझ्या तोंडून निघून गेलं.

मास्तर गप्प झाले. पडद्याकडेच बघत होते. तसेच म्हणाले, "उपटू दे. वाकडाच होता." सोड्याचे बुडबुडे सगळे विरले तेव्हा पुन्हा म्हणाले, "माझ्या हातचं तिथे तेवढंच उभं आहे."

दादा, तो बार रोवला त्या दिवशी तुम्ही गावात नव्हता. मोठ्या शाळेच्या वसतिगृहात होता. म्हणून सांगतो. विहिरीवरच्या पंपाचे निकामी नळ मास्तरांनी स्वतः कापले, घासले, खड्डे खणले आणि स्वतःच सिमेंट कालवलं. संध्याकाळपर्यंत कुणी हात लावू नका म्हणून टोळाला राखणीला बसवलं. टोळ म्हणजे आमच्या वर्गातला तो काडीसारखा पोरगा, एका जागी टिकायचा नाही म्हणून टोळ. सकाळी पाहिलं तर डावी नळी दोन बोटं खचलेली आणि सिमेंट दगड झालेलं. टोळ पुढे झाला आणि म्हणाला, मी लटकलो, सर. मास्तरांनी त्याला मैदानाच्या तीस फेऱ्या मारायला लावल्या. पुढे त्याचं घर गाव सोडून गेलं. बार तसाच राहिला, आणि त्यावर शिकलेल्या आपल्या गावच्या प्रत्येक पोराचा डावा खांदा दोन बोटं खाली राहिला. तुम्ही सुट्टीत येऊन त्यावर लटकायचात, म्हणून तुमचाही आहे. सदरा घालताना आरशात बघा.

तर मास्तर गप्प झालेले, मी स्वतःच्या जिभेला शिव्या देतोय, आणि पडद्यावर एकाने दुसऱ्याला मागून सरळ लाथ घातली. पंचाने पाहिलं नाही. मास्तरांनी पाहिलं. त्यांचा हात खिशात गेला आणि काय होतंय ते कळायच्या आत ती शिट्टी वाजली. तीच. कानातून शिरून टाचेतून निघणारी. सगळा बार थिजला. पडद्यावरचे खेळाडू सोडले तर कुणी हललं नाही. मी उभा होतो; कधी उठलो ते माहीत नाही. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले. आणि ओट्यामागे, हातात धुतलेला ग्लास घेऊन, पन्नाशीचा एक उंच, टक्कल पडलेला माणूस तसाच उभा होता. टाचा जुळलेल्या. छाती पुढे. डावा खांदा दोन बोटं खाली.

"डावा खांदा वर!" मास्तर गरजले.

आम्ही दोघांनी वर केला.

मग मास्तर उठले, एकेक पाऊल टाकत ओट्यापाशी गेले आणि त्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिले. "टोळ?"

"हो सर."

"अजून जागेवर टिकत नाहीस?"

"इथे बावीस वर्षं टिकलोय, सर. ओटा मधे आहे म्हणून."

"माझा बार तूच वाकडा केलास ना रे?"

टोळाने ग्लास उजेडात धरला, पुसला, पुन्हा पाहिला. मग मास्तरांच्या खांद्यावरून त्याची नजर माझ्यावर आली. "हो सर," तो म्हणाला. "मीच." मी सोड्यात पाहिलं. त्यात काही नव्हतं.

त्यानंतरचा दीड तास मी कसा वर्णन करू? टोळाने मास्तरांना पडद्यासमोरची खुर्ची दिली आणि बारमध्ये जाहीर केलं, की आजपासून इथले पंच हे. जमलेल्या लोकांनी ते मनावर घेतलं. पडद्यावरचा पंच काहीही म्हणो, लोक मास्तरांकडे वळून विचारत, काय सर? मास्तर शिट्टी मारत किंवा नुसती मान हलवत, आणि तो निकाल अंतिम. एका जाड्या गृहस्थांनी वाद घातला तर त्यांना मास्तरांनी खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि त्यांनी त्या मारल्या. जाताना मास्तर टोळाला म्हणाले, बार बरा आहे तुझा. सरळ आहे. आता दर शनिवारी दुपारी ते पांढरे बूट घालून तयार असतात. ताई म्हणतात, घरातही टीव्हीचा आवाज चालू झाला आहे.

पाचव्या पत्त्यावर मी गेलो नाही. बाईंच्या भाच्याने तो सर्वांत चांगला म्हणून खूण केली आहे. पण चौथ्यानंतर माझी तपासणी संपली. तेव्हा तुमच्या कामाचा अहवाल असा, की शहरातले चार स्पोर्ट्स बार स्वतः जाऊन पाहिले, त्यांतला एकही शाळेच्या आवारात लावण्याजोगा नाही, आणि चौथा मात्र तुम्ही एकदा येऊन बघावाच असा आहे. वहिनींना तीळभरही कळू न देता या. किंवा सांगून या, त्यांनाही आवडेल.

प्रकृतीस जपा. गुडघ्याला शेक चालू ठेवा. लहानांना पापा.

तुमचा आज्ञाधारक (पाहिलंत ना किती),
धाकटा

ता. क. कसरतीचं सामान विकणारं दुकान ग्रंथालयाच्या मागच्याच गल्लीत निघालं. दारातच डबलबार मांडलेला आहे. एकोणीस वर्षं मी रोज त्याला वळसा घालून कामावर जातो. आजवर मला वाटत होतं, रस्त्याचं कुंपण आहे. पत्ता मागे लिहिला आहे. नवा बार अवश्य घ्या.

आणखी एक ता. क. नवा घ्या, पण जुना उपटू नका. हेच लिहायला मी बसलो होतो आणि बारा पानं भलतंच लिहीत राहिलो. दादा, त्या संध्याकाळी टोळ पाणी प्यायला गेला होता. मी एकटा होतो. तुम्हाला आठवतं ना, मला सगळे "पोतं" म्हणायचे. चार पोरांसमोर मी बाराला हात लावला असता तर नुसतं हसं झालं असतं. म्हटलं, कुणी नाही, एकदा लटकून घेऊ. डाव्या नळीला मधोमध लटकलो. दहापर्यंत मोजलं. सातला माझे अंगठे जमिनीला लागले. लटकल्याने उंची वाढते, असं मास्तर नेहमी सांगायचे. देवाशपथ, मला वाटलं, वाढली. आनंदाने घरी पळालो. टोळाने मला पळताना पाहिलं होतं. परवा मास्तर पडद्यात गुंतलेले असताना मी त्याला ओट्यावर वाकून विचारलं, का रे केलंस तसं? म्हणाला, "पोत्या, तीस फेऱ्या! तू मेला असतास. आणि मला धावायला आवडायचं." एवढंच बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. तुमच्या पत्रात "टोळाने वाकडी करून ठेवलेली" असं आहे. चाळीस वर्षं गावात तसंच म्हणतात. ते शब्द तेवढे खोडा. मास्तरांना मी उद्या सांगणार आहे. म्हणजे, सांगेन म्हणतो.

शेवटचा ता. क., रविवार. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं आहे. मास्तरांना सांगितलं. पाय धरून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "माहीत आहे. टोळाच्या वजनाने सिमेंटवर माशीचा पाय उमटला नसता. दोन बोटं खचवील असा वर्गात एकच होता." मी म्हटलं, मग सर, तेव्हा त्याला का धावायला लावलंत? म्हणाले, "त्याच्या फेऱ्या तासाभरात संपल्या. तुझ्या अजून चालल्यात की. आता पुरे." मग जरा वेळाने शिट्टी हातात फिरवत म्हणाले, की पुढच्या शनिवारी आपण तिघे गावी जाऊ. टोळ रजा घेणार आहे. आणि सगळ्या शाळेसमोर मी बाराला लटकायचं आहे, या वेळी उजव्या नळीला, म्हणजे बार सरळ होईल.

तेव्हा दादा, शनिवारपर्यंत तरी तो राहू द्या.